मूकपटातल्या हिरॉइनचं करियर चालायचं कसं? सुलोचना उर्फ रुबी मायर्सच्या निमित्ताने

"बोलपट आले आणि मूकपटातल्या नट्या संपल्या" हे वाक्य सिनेमाबद्दलच्या अर्ध्या लेखांत सापडतं, आणि आपल्याकडे त्याला उदाहरण म्हणून हमखास सुलोचना दिली जाते. रुबी मायर्स तिचं खरं नाव. हिंदी धड येत नव्हती, म्हणून आपला पहिला बोलपट 'आलम आरा' हातातून गेला, म्हणून संपली, अशी तीन ओळींची गोष्ट. पण जरा तारखा शेजारी शेजारी ठेवून बघा. 'आलम आरा' आला १९३१ मध्ये, आणि सुलोचना महिना ५,००० रुपये घेणारी, शेवरोले गाडीतून फिरणारी, स्वतःची निर्मिती कंपनी काढणारी बाई म्हणून ओळखली जाते ती १९३० च्या दशकाच्या मधल्या वर्षांत, म्हणजे आवाज आल्यानंतर! मग संपली कुठे?

म्हणून म्हटलं ही गोष्ट नीट उलगडून लिहूया. कारण ती समजली की मूकपटातल्या नटीचं करियर कशावर उभं असायचं, पैसा कुठून यायचा, आवाज आल्यावर नेमकं काय मोडलं आणि काय मोडलं नाही, हे सगळंच समजतं.

आधी एक गोंधळ मिटवते. सुलोचना म्हटलं की मराठी माणसाच्या डोळ्यांसमोर सुलोचनादीदी येतात, 'आई' म्हणून ज्यांना आपण सगळ्यांनी पाहिलं त्या सुलोचना लाटकर, नाहीतर मग लावणीसम्राज्ञी सुलोचना चव्हाण आठवतात. ही सुलोचना त्या दोघींच्याही आधीची. १९०७ साली पुण्यात, बगदादी ज्यू कुटुंबात जन्मलेली. दीदींचा जन्म १९२८ चा, आणि त्या वर्षी ही रुबी मायर्स ऑलरेडी देशातली सगळ्यात मोठी स्टार होऊन बसली होती.

आता तिच्या आधी काय परिस्थिती होती ते बघा, कारण त्याशिवाय तिने काय केलं ते कळत नाही. १९१३ मध्ये दादासाहेब फाळक्यांना 'राजा हरिश्चंद्र'साठी तारामती मिळेना. जाहिराती दिल्या, विचारून झालं, अगदी वेश्यावस्तीतही चौकशी केली, तिथेही नकार आला. शेवटी ग्रँट रोडच्या एका हॉटेलात काम करणाऱ्या अण्णा साळुंके नावाच्या पोराला साडी नेसवली आणि तीच भारतीय सिनेमाची पहिली हिरॉइन. याच साळुंक्यांनी १९१७ च्या 'लंका दहन'मध्ये राम पण केला आणि सीता पण केली. आपल्या लोकांना त्यात काही विचित्र वाटलं नसणार कारण संगीत नाटकात बालगंधर्व आणि बाकीचे स्त्रीपार्टी नट बघायची सवय होतीच. फाळक्यांनाच मग 'मोहिनी भस्मासुर'साठी दुर्गाबाई कामत आणि त्यांची मुलगी कमला अशा मायलेकी मिळाल्या, ही कमला म्हणजेच पुढच्या कमलाबाई गोखले, विक्रम गोखल्यांच्या आजी. पण हे अपवादच. पुढची कित्येक वर्षं चांगल्या घरची बाई आणि सिनेमा हे दोन शब्द एका वाक्यात बसत नव्हते.

ही कोंडी सुटली ती मुख्यतः ज्यू, अँग्लो-इंडियन, ख्रिश्चन मुलींमुळे. कलकत्त्याच्या पेशन्स कूपर, रेनी स्मिथ ज्या सीता देवी झाल्या, रेचल सोफेर ज्या आरती देवी झाल्या, पुढे एस्थर अब्राहम ज्या प्रमिला झाल्या, आणि रुबी मायर्स. कारण सरळ आहे. या समाजांत मुली शिकत होत्या, ऑफिसात, टेलिफोन एक्स्चेंजमध्ये, दुकानांत नोकऱ्या करत होत्या, बुरखा-पडदा पाळायची पद्धत नव्हती, आणि जातीतून बाहेर टाकायची जी भीती हिंदू-मुस्लिम घरातल्या बाईला होती ती यांना त्या प्रमाणात लागू नव्हती. पण पडद्यावर मात्र हिंदू नाव पाहिजे, म्हणून स्टुडिओ नावं बदलायचे. म्हणजे प्रेक्षक बघणार सुलोचना, आणि पगाराच्या रजिस्टरवर रुबी मायर्स.

रुबी टेलिफोन ऑपरेटर होती. त्या काळी फोन आपोआप लागत नव्हता, मधे बसलेली ऑपरेटर बाई हाताने वायर जोडून द्यायची. कोहिनूर फिल्म कंपनीच्या मोहन भवनानींनी तिला पाहिलं आणि सिनेमात काम करशील का विचारलं, तर तिने चक्क नाही म्हणून सांगितलं. म्हणजे ज्या समाजात त्या मानाने मोकळीक होती तिथल्या मुलीलाही सिनेमाचं काम नकोच वाटत होतं. भवनानी मागेच लागले, तेव्हा कुठे हो म्हणाली. १९२५ मध्ये 'वीर बाला' आला. तेव्हा ती अठराची होती आणि अभिनयाचा अनुभव शून्य.

इथे प्रश्न येतो की अभिनय येत नाही, हिंदी येत नाही, नाटकाची पार्श्वभूमी नाही, आणि वर्ष-दोन वर्षात ती टॉपला कशी जाते?

याचं उत्तर मूकपट बनायचा कसा यात आहे. तेव्हा शूटिंग मुख्यतः उन्हात, सूर्याचा प्रकाश रिफ्लेक्टरने वळवून, कॅमेऱ्याचं हँडल हाताने फिरवून व्हायचं, आणि आवाज रेकॉर्ड होतच नसल्यामुळे शॉट चालू असताना डायरेक्टर बिनधास्त ओरडून सांगू शकायचा की आता मान वळव, आता दचक, आता हळूच हस, आता दाराकडे पळ. नटीला संवाद पाठ करायचे नसायचे. ओठ हलवायचे, त्यातून जे काही बोलशील ते चालेल, इंग्रजीत बोल, मराठीत बोल. म्हणजे नवख्या मुलीला डायरेक्टर अक्षरशः क्षणाक्षणाला हात धरून नेऊ शकत होता. नटीकडे लागायचं काय तर चेहऱ्यावरचे भाव झटपट बदलता येणं, अंग चपळ असणं, कॅमेऱ्याची भीती नसणं आणि पडद्यावर आली की दुसरीकडे नजर जाऊ नये असं काहीतरी, जे शिकवून येत नाही. सुलोचनाकडे हे सगळं होतं.

संवादांचं काम टायटल कार्ड करायची. मधेच चित्र थांबून पाटी यायची, त्यावर मजकूर, तोही दोन-तीन, कधी चार भाषांत. थिएटरमध्ये ज्याला वाचता येतं तो शेजाऱ्यासाठी मोठ्याने वाचणार, पुढे बसलेला हार्मोनियम-तबलावाला वाजवत राहणार. या पाट्यांमुळे एक जबरदस्त गोष्ट व्हायची जी आज आपल्या लक्षात येत नाही, ती म्हणजे सिनेमाला भाषाच नव्हती. मुंबईत बनलेला मूकपट लाहोरला चालायचा, मद्रासला चालायचा, रंगूनलाही जायचा, पाटी बदलली की झालं काम. आज पॅन-इंडिया स्टार म्हणून जे कौतुक चालतं ना, ते मूकपटाच्या नटीला आपोआप मिळत होतं, डबिंग नाही, काही नाही. पुण्यात जन्मलेल्या ज्यू मुलीचा चेहरा पेशावरपासून कोलंबोपर्यंत ओळखीचा होऊ शकतो तो याच्यामुळे, आणि म्हणूनच तिचं जगणं एका भाषेवर अवलंबून नव्हतं.

अजून एक टेक्निकल गोष्ट सांगते कारण तिच्यामुळे जुन्या नट्यांबद्दल फार गैरसमज आहे. लोक म्हणतात मूकपटातली अ‍ॅक्टिंग म्हणजे सगळे चाबी दिल्यासारखे पळतायत. तसं नव्हतं हो. हाताने हँडल फिरवताना सेकंदाला साधारण १६ ते १८ फ्रेम शूट व्हायच्या. आवाज आल्यावर स्पीड २४ वर फिक्स झाला. आता १६ ने शूट केलेली फिल्म तुम्ही २४ ने चालवली तर सगळं दीडपट जोरात धावणारच. १००० फुटांचं जे रीळ तेव्हा १६ मिनिटांहून जास्त चालायचं ते ११ मिनिटांत संपतं. म्हणजे दोष त्या नटीचा नाही, चुकीच्या स्पीडने दाखवणाऱ्याचा आहे. बरोबर स्पीडने दाखवलेला कुठलाही चांगला मूकपट बघा, बारीक बारीक हालचाली दिसतात, डोळ्यांच्या कोपऱ्यातलं काम दिसतं.

आणि गोऱ्या नट्या का, याला आपल्याकडचं गोरेपणाचं वेड तर कारण होतंच पण फिल्मचाही हातभार होता. तेव्हाची फिल्म लाल रंगाला जवळजवळ आंधळी होती, ऑर्थोक्रोमॅटिक म्हणतात तिला. लाल काळा दिसायचा, निळा पांढरा दिसायचा. त्वचेत जो तांबूसपणा असतो तो गडद होऊन यायचा, म्हणजे सावळा चेहरा पडद्यावर असतो त्याहून जास्त काळवंडायचा, मग मेकअपचे थर. सगळे रंग नीट पकडणारी फिल्म नंतर रुळली पण तोवर कोणता चेहरा चालतो हे इंडस्ट्रीने ठरवून टाकलं होतं, आणि ते ओझं आपण अजून वाहतोय असं मला वाटतं.

तर सुलोचना. तिला पुराणातल्या देवी करायला लावल्या नाहीत, हे कोहिनूरचं शहाणपण. १९२६ मध्ये 'सिनेमा क्वीन', 'टाइपिस्ट गर्ल', 'टेलिफोन गर्ल'. नावंच बघा ना. शहरात नोकरी करणारी, स्वतः कमावणारी, स्वतःच्या मनाने प्रेमात पडणारी मुलगी हा तेव्हा एकदम नवा प्राणी होता, मुंबईत ती नुकतीच दिसायला लागली होती आणि लोकांना तिच्याबद्दल प्रचंड कुतूहल होतं, थोडी भीती पण. आणि तिला पडद्यावर कोण करतंय तर जी खरोखर टेलिफोन ऑपरेटर होती ती! 'टाइपिस्ट गर्ल' डायरेक्टर चंदुलाल शहांनी १७ दिवसांत उरकला, त्यात दुसरी नटी गोहर पण होत्या, आणि तो धो धो चालला.

मग १९२७ चा 'वाइल्डकॅट ऑफ बॉम्बे'. यात तिचे आठ रोल. माळी, पोलीस, हैदराबादी गृहस्थ, रस्त्यावरचा टपोरी पोरगा, केळी विकणारी म्हातारी, सोनेरी केसांची युरोपियन बाई, असे एकाहून एक. जरा थांबून विचार करा, चौदाच वर्षांपूर्वी तारामतीसाठी बाई मिळत नव्हती म्हणून पुरुषाला साडी नेसवली होती, आणि आता एक बाई पोलिसाच्या, गृहस्थाच्या, टपोऱ्याच्या कपड्यांत वावरतेय आणि पब्लिक पैसे टाकून बघतंय. मला विचाराल तर तिच्या करियरमधली ही सगळ्यात मोठी गोष्ट. आणि हे मूकपटातच इतक्या सहज शक्य होतं, कारण आवाज नव्हता. पुरुषाचा पोशाख केला की झालं, बोलून उघडं पडायचा प्रश्नच नाही.

पैशाचं गणित आता. तेव्हाचे स्टुडिओ म्हणजे आजच्यासारखी एका पिक्चरपुरती साइनिंग नाही. कोहिनूर, इंपीरियल, शारदा, नंतर रणजित, यांच्याकडे नट, डायरेक्टर, कॅमेरामन, सुतार, शिंपी, सगळे महिन्याच्या पगारावर. रोज कामावर यायचं, एक पिक्चर संपला की दुसरा. स्टारला पगार जास्त, बाकी नोकरीच. नटीची किंमत ठरायची ती तिच्या नावावर थिएटरवाले आधीच किती पैसे लावतात यावरून, आणि दुसरा स्टुडिओ तिला पळवायला किती तयार आहे यावरून. नट पळवणं हा तर तेव्हा रोजचा खेळ होता. आपल्या कोल्हापूरकडचा मास्टर विठ्ठल शारदा कंपनीचा करार मोडून इंपीरियलकडे गेला तर शारदाने कोर्टात खेचलं, आणि विठ्ठलची बाजू मांडायला उभे राहिले कोण तर बॅरिस्टर मोहम्मद अली जिना. केस जिंकली.

सुलोचना पण कोहिनूर सोडून अर्देशीर इराणींच्या इंपीरियलमध्ये आली आणि तिथली सगळ्यात महाग नटी झाली. तिच्या पगाराबद्दल एक गोष्ट सगळीकडे फिरते, की तिला मुंबईच्या गव्हर्नरपेक्षा जास्त पगार होता. ऐकायला छान आहे पण हिशोब जुळत नाही. १९३५ च्या भारत सरकार कायद्यात मुंबईच्या गव्हर्नरचा पगार वर्षाला १,२०,००० रुपये लिहिलाय, म्हणजे महिना १०,०००. सुलोचनाचे ५,००० म्हणजे त्याच्या निम्मे. तिला मोठं करायला गव्हर्नरला मधे आणायची गरजच नाही, गिरणी कामगाराला महिन्याचे तीस-चाळीस रुपये मिळायचे त्या मुंबईत एक बाई, तीही नटी, कुणाच्या आश्रयाने नाही तर स्वतःच्या कामावर ५,००० घेतेय, एवढं पुरे आहे.

इंपीरियलमध्ये डायरेक्टर आर. एस. चौधरींसोबत तिने ओळीने तीन हिट दिले, 'माधुरी' आणि 'अनारकली' १९२८ मध्ये, 'इंदिरा बी.ए.' १९२९ मध्ये. 'अनारकली'ची तर शर्यतच लागली होती. लाहोरची एक कंपनी सीता देवीला घेऊन हीच कथा मोठ्या थाटात करत होती, इराणींनी सुलोचना आणि दिनशा बिलिमोरिया यांना घेऊन आपला पिक्चर घाईघाईने पूर्ण केला आणि आधी लावून मोकळे झाले. या तीन पिक्चरची नावं लक्षात ठेवा, पुढे कामाला येणार आहेत.

आणि तिची क्रेझ किती होती याचा एक पुरावा मला फार आवडतो. खादी प्रदर्शनाचं उद्घाटन करणाऱ्या महात्मा गांधींची छोटी फिल्म दाखवली गेली, तर तिच्या जोडीला 'माधुरी'तला सुलोचनाचा डान्स साउंड इफेक्ट जोडून लावला होता. म्हणजे पडद्यावर आवाज आणायचे जे सुरुवातीचे प्रयोग झाले त्यात ती होती!

आणि तरी 'आलम आरा'त ती नाही. १४ मार्च १९३१, गिरगावचं मॅजेस्टिक थिएटर, आपला पहिला बोलपट, बनवणारे अर्देशीर इराणी, म्हणजे तिचेच मालक, आणि हिरॉइन झुबेदा. झुबेदा म्हणजे नटी फातमा बेगमची मुलगी, घरात उर्दू, बोलायला प्रश्नच नाही. सुलोचनाला हिंदुस्तानी बोलता येत नव्हतं. गंमत म्हणजे हिरो मास्टर विठ्ठल, त्याचीही हिंदी-उर्दू कच्ची, तर त्याला बऱ्याच वेळ गुंगीत, शुद्ध हरपलेल्या अवस्थेत दाखवून वेळ मारून नेली. हिरोसाठी कथेत ही सोय केली गेली, हिरॉइनसाठी नाही. हे मला खटकतं, आणि ते लिहिलं पाहिजे असं वाटतं.

आता आवाजाने नेमकं काय काय बदललं? नुसतं 'आता बोलावं लागतं' एवढंच नव्हतं. एकतर माइक. ग्रँट रोडजवळच्या त्या स्टुडिओला साउंडप्रूफिंग नाही आणि बाजूने रेल्वे, त्यामुळे 'आलम आरा'चं शूटिंग रात्री, लोकल बंद झाल्यावर चालायचं, माइक कुठेतरी लपवलेला, आणि आवाज फिल्मवरच थेट रेकॉर्ड. म्हणजे नटीने माइकपासून लांब जायचं नाही, जोरात वळायचं नाही, पैंजण वाजले की शॉट गेला. जिची सगळी ताकद हालचालीत होती तिला खांबासारखं उभं करून बोलायला लावायचं. डायरेक्टर ओरडून सांगायचा तो आधारही गेला, सेटवर चिडीचूप. मग गाणी. 'आलम आरा'त सात गाणी होती, पुढच्या वर्षीच्या 'इंद्रसभा'त सत्तरच्या आसपास! आणि प्लेबॅक नव्हता, नटीने शॉटमध्येच गायचं, वाजवणारे फ्रेमच्या बाहेर दडलेले. त्यामुळे एका झटक्यात किंमत वाढली ती नाटकातून, गाण्याच्या घराण्यातून आलेल्या लोकांची. आणि सगळ्यात मोठा फटका म्हणजे तो भाषा नसलेला अख्खा बाजार तुटला. आता हिंदी पिक्चर वेगळा, मराठी वेगळा, तमिळ वेगळा, बंगाली वेगळा. ज्या मुलीला कालपर्यंत सगळा देश आपला होता तिला आज विचारलं जातंय, बाई तुझी भाषा कोणती? इंग्रजी. त्या भाषेत इथे क्वचितच कुणी पिक्चर काढत होतं.

तेव्हा ती किती वर्षांची होती? चोवीस. आणि तिने काय केलं, एक वर्ष काम थांबवलं आणि हिंदुस्तानी शिकली. बस. रडगाणं नाही, कुणावर खापर नाही. वर्षभर पडद्यावरून गायब होणं म्हणजे स्टारसाठी किती मोठा जुगार असतो बघा, तोही अशा वर्षी जेव्हा रोज नवीन गाणारी पोरगी येतेय. १९३२ मध्ये ती परत आली, 'माधुरी' घेऊन. तीच 'माधुरी', आता बोलणारी! जाहिरातीतच हे मिरवलं होतं की सुलोचना परत येतेय, बोलपटात.

मग तिने आणि इंपीरियलने जे केलं ते धंद्याच्या दृष्टीने फार हुशारीचं होतं. आपलेच जुने हिट परत बनवले. 'इंदिरा बी.ए.'ची १९३४ मध्ये 'इंदिरा एम.ए.' झाली, १९३५ मध्ये 'अनारकली' बोलकी झाली, १९३६ मध्ये 'वाइल्डकॅट ऑफ बॉम्बे'ची 'बंबई की बिल्ली'. यातली खुबी समजून घ्या. आवाज आल्यावर मूकपट परत रिलीज करून चालणार नव्हते, कुणी बघायला आलं नसतं. पण नाव लोकांच्या डोक्यात पक्कं होतं, गोष्ट माहिती होती, आणि ही आता बोलणार कशी याची उत्सुकता होती. म्हणजे जी गोष्ट तिची कमजोरी म्हणून गाजली होती तिचीच जाहिरात झाली. जोडीला बिलिमोरिया, १९३३ ते १९३९ ती फक्त त्याच्यासोबतच काम करत होती, पडद्यावरही आणि पडद्याबाहेरही त्यांची जोडी. याच काळात रुबी पिक्स ही स्वतःची कंपनी काढली.

बाकीच्यांचं काय झालं ते पण बघायला पाहिजे, नाहीतर सुलोचना एकटीच वाचली असं वाटेल. गोहरना काही त्रास झाला नाही, भाषा होती, गळा होता, आणि मुख्य म्हणजे चंदुलाल शहांबरोबर रणजित स्टुडिओत त्यांची मालकी होती. झुबेदा काही वर्षं जोरात चालली. सीता देवींसारख्या मात्र बोलपटात टिकल्या नाहीत. उलट फिअरलेस नाडिया बघा, ऑस्ट्रेलियात जन्मलेली, हिंदी मोडकंतोडकं, आणि १९३५ मध्ये 'हंटरवाली' सुपरहिट, कारण निर्माते वाडियांनी तिला बोलायला कमी आणि मारामारीला जास्त ठेवलं. म्हणजे भाषा येत नाही म्हणून करियर संपतं हा काही निसर्गाचा नियम नव्हता. तुमच्यासाठी कुणी वेगळा रोल घडवायला तयार आहे का, किंवा तुम्हाला वर्षभर काम थांबवून शिकत बसणं परवडतं का, यावर होतं ते. सुलोचनाला परवडलं कारण मूकपटांनी तिला तेवढं नाव आणि पैसा दिला होता.

मग उतार कधी लागला? १९३८ मध्ये इंपीरियल बंद पडली. १९३९ मध्ये बिलिमोरियाशी जोडी तुटली. स्टुडिओ गेला, हिरो गेला, आणि ती बत्तीसची झाली, जे हिरॉइनसाठी आपल्याकडे अजूनही म्हातारपण मानतात. तोपर्यंत पिढीच बदलली होती. दुर्गा खोटे १९३२ मध्ये 'अयोध्येचा राजा'त आल्या आणि शिकलेल्या, प्रतिष्ठित मराठी घरातली बाई सिनेमात येऊ शकते हे लोकांनी पाहिलं. त्यांना पहिलं छोटं काम १९३१ च्या 'फरेबी जाल'मध्ये दिलं कुणी, तर याच मोहन भवनानींनी! मग शांता आपटे आल्या, गाणाऱ्या, भाषेवर पकड असलेल्या. ज्या रिकाम्या जागेत १९२५ मध्ये रुबी मायर्स आली होती ती जागाच आता रिकामी राहिली नव्हती. १९३५ पासून प्लेबॅक सुरू झाला, गाता न येणाऱ्या नटीची अडचण त्याने कायमची मिटवली, पण तो सगळीकडे पसरेपर्यंत सुलोचनाची वेळ निघून गेली होती.

म्हणून माझं म्हणणं असं की तिला आवाजाने संपवलं नाही. आवाजाने तिचं एक वर्ष खाल्लं. तिला मागे टाकलं ते वय, पडलेला स्टुडिओ आणि तुटलेली जोडी यांनी, आणि या तीन गोष्टींनी तर ज्यांना उत्तम हिंदी येत होतं त्यांनाही मागे टाकलंय.

नंतर ती छोटी कामं करत राहिली. १९४७ च्या 'जुगनू'त होती, दिलीप कुमार-नूरजहाँचा तो. त्यावर मुंबई प्रांतात बंदी आली, मोरारजी देसाई गृहमंत्री होते तेव्हा, आणि सुलोचनाच्या पात्रावर वयस्कर प्रोफेसर भाळतो हेही नैतिकतेच्या ठेकेदारांना सहन झालं नव्हतं. चाळिशीच्या बाईवर कुणी प्रेम करतंय म्हणजे अनीती! मग १९५३ ची 'अनारकली', बीना राय आणि प्रदीप कुमारची, सी. रामचंद्रांच्या गाण्यांची. त्यात सलीमची आई जोधाबाई कुणी केलीय माहितीये? सुलोचनाने. १९२८ मध्ये अनारकली, १९३५ मध्ये अनारकली, १९५३ मध्ये अनारकलीच्या प्रियकराची आई. आपल्या सिनेमात बाईचं वय कसं मोजतात ते या तीन तारखांतून जेवढं कळतं तेवढं दुसऱ्या कशातून कळणार नाही.

१९७३ चा दादासाहेब फाळके पुरस्कार तिला मिळाला, देविका राणींनंतर तो मिळवणारी ती दुसरी बाई. १९७५ च्या 'जूली'त एक छोटं काम आहे. १० ऑक्टोबर १९८३ ला मुंबईत गेली.

आता कुणाला वाटेल चला 'वाइल्डकॅट' बघूया, तर तो नाहीये. 'टाइपिस्ट गर्ल' नाही, मूक 'माधुरी' नाही, मूक 'अनारकली' नाही. आपल्याकडे १,३०० च्या वर मूकपट बनले आणि तुकडे धरूनसुद्धा तिसेकही उरले नाहीत. कारण तेव्हाची फिल्म नायट्रेटची, म्हणजे सेल्युलोज नायट्रेट, पटकन पेट घेणारी आणि आपल्या दमट हवेत आपोआप सडणारी, आधी चिकट होते, मग भुकटी. त्यात फिल्मवरच्या थरात चांदी असते. बोलपट आल्यावर मूकपटाची किंमत शून्य झाली आणि रीळ धुवून चांदी काढणाऱ्याला विकणं हा सरळ हिशोब झाला. त्या वेळी आर्काइव्ह नव्हतंच, पुण्याचं राष्ट्रीय फिल्म संग्रहालय १९६४ मध्ये सुरू झालं, तोवर बहुतेक सगळं गेलेलं. म्हणून तिच्या अभिनयाबद्दल जो कोणी छातीठोक मत देतो त्याच्यावर जरा जपून विश्वास ठेवा, त्याने तिचं चांगलं काम पाहिलेलं नाही, मी पण नाही. आपल्याकडे आहेत ते फोटो, जाहिराती आणि उतारवयातले रोल. सुरुवात करायचीच तर १९५३ ची 'अनारकली' लावा आणि जोधाबाईच्या सीनला फोन बाजूला ठेवा.

आणि एक खरंच मनापासून सांगते, जुन्या थिएटरवाल्यांच्या, फोटोग्राफरच्या, डिस्ट्रिब्युटरच्या घरात माळ्यावर गंजके गोल डबे निघतात अजून. उघडल्यावर व्हिनेगरसारखा किंवा उग्र केमिकलचा वास आला तरी फेकू नका, भंगारात घालू नका. उन्हात, गॅसजवळ ठेवू नका, चालवून बघायचा प्रयत्न तर अजिबातच करू नका. डब्यावर काही लिहिलं असेल त्याचा फोटो काढा आणि पुण्यात लॉ कॉलेज रोडला राष्ट्रीय फिल्म संग्रहालयाला कळवा. जुन्या पिक्चरची गाण्याची पुस्तकं, हँडबिलं निघाली तरी तीही दाखवा, कारण कित्येक मूकपटांबद्दल आज आपल्याला जे माहिती आहे ते अशाच कागदांवरून.